विश्लेषण : चिखलातल्या स्पर्धेत गाडीचे ‘दिसणे’ महत्त्वाचे का ठरते? ब्रिटनमधील हौशी ‘ट्रायल्स’समोर प्रतिमेचा पेच काय?

इंग्लंडच्या ग्रामीण भागातून वर्षात तीनदा एक विलक्षण वरात निघते. पहिली जानेवारीत, दुसरी ईस्टरच्या सुट्टीत, तिसरी ऑक्टोबरच्या सुरुवातीला. तिच्यात मोटारसायकली असतात, साइडकार असतात, जुन्या फोक्सवॅगन बीटल असतात आणि घरच्या गॅरेजमध्ये जोडलेल्या दोन आसनी गाड्याही असतात. ही वरात रात्रभर साध्या सार्वजनिक रस्त्यांवरून जाते आणि मधूनच एखाद्या निसरड्या, दगडगोट्यांच्या चढावर चढाई करते. बक्षीस म्हणून रोख रक्कम नसते. तरीही लोक वर्षानुवर्षे येत राहतात. या खेळापुढचा आजचा एक मोठा प्रश्न मात्र ना इंजिनाचा आहे ना टायरचा. रस्त्याकडेच्या घरातून खिडकीचा पडदा सारून पाहणाऱ्या माणसाला या गाड्या कशा दिसतात, हा तो प्रश्न आहे. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या मुद्द्यावर खेळाचे भवितव्य का अवलंबून आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

‘ट्रायल’ म्हणजे नेमके काय?

मोटार स्पर्धा म्हटले की वेग डोळ्यांसमोर येतो. ट्रायलमध्ये मात्र वेगापेक्षा कस महत्त्वाचा. ठरवून दिलेला अवघड चढ न थांबता चढून जायचे, एवढीच अट. अशा प्रत्येक टप्प्याला ‘सेक्शन’ म्हणतात. चाके जागीच फिरू लागली आणि गाडी थांबली की तो सेक्शन हुकला. मधल्या प्रवासात वाहतुकीचे सगळे नियम पाळावे लागतात. चढावर पकड मिळावी म्हणून शेजारी बसलेला साथीदार आसनावर अक्षरशः उड्या मारतो. मागच्या चाकांवर वजन यावे म्हणून अतिरिक्त टायर गाडीच्या पाठीला टांगलेले असतात. बीटलसारख्या गाड्या इथे लोकप्रिय आहेत, कारण त्यांचे इंजिन मागे असते आणि चालना मिळणाऱ्या चाकांवर आपोआप भार येतो.

या खेळाची मातृसंस्था म्हणजे १९०१ मध्ये स्थापन झालेला मोटर सायकलिंग क्लब. या क्लबची एडिनबरा ट्रायल १९०४ पासूनची, लँड्स एंड ट्रायल १९०८ पासूनची आणि एक्सेटर ट्रायल १९१० पासूनची. महायुद्धांसारखे खंड सोडले तर ही परंपरा शतकाहून अधिक काळ टिकली आहे. एडिनबरा ट्रायल आता एडिनबरापर्यंत जात नाही. ती डर्बीशायरच्या डोंगराळ भागात होते. नाव तेवढे जुने राहिले. सगळे सेक्शन निर्विघ्न पार केले की सुवर्ण पुरस्कार आणि एकाच वर्षात तिन्ही स्पर्धांत सुवर्ण मिळाले की ‘ट्रिपल’. हौशी स्पर्धकांसाठी हाच मोठा मान.

मग गाडीच्या दिसण्याचा प्रश्न कुठून आला?

सर्किटवरची शर्यत कुंपणाच्या आत होते. तिकीट काढून येणाराच ती पाहतो. ट्रायलचे तसे नाही. ती गावातून, शेताच्या बांधावरून, चर्चच्या भिंतीलगत जाते. तिचा प्रेक्षक स्वतःहून आलेला नसतो. रविवारी सकाळी कुत्रे फिरवायला निघालेला निवृत्त शिक्षक, घोड्यावरून रपेट करणारी मुलगी, मेंढ्या हाकणारा शेतकरी यांच्यासमोर अचानक चिखलाने माखलेली, चेपलेल्या पत्र्याची, मोठ्याने गुरगुरणारी गाडी येते. ही गाडी शंभर वर्षे जुन्या स्पर्धेतली आहे, तिचा विमा उतरवलेला आहे, ती रस्त्यावर चालवण्यास कायद्याने पात्र आहे, यातले काहीही तिच्याकडे पाहून कळत नाही. पाहणाऱ्याला एवढेच कळते की कुणीतरी भंगारातली गाडी आणून आपली वाट खराब करत आहे.

अडचण आणखी एक आहे. त्याच वाटांवर, त्याच चिखलात, कुणाचीही परवानगी न घेता गाड्या हाकणारे टोळकेही येऊन जाते. ते कुंपणे मोडतात, ओल्या मातीत खोल चर पाडतात आणि निघून जातात. क्लासिक ट्रायलमध्ये चारही चाकांना चालना असलेल्या गाड्यांना साधारणपणे प्रवेशच नसतो. पण त्रासलेल्या गावकऱ्याला हा फरक माहीत असण्याचे कारण नाही. त्याच्या लेखी चिखलातली गाडी ती चिखलातली गाडी. अशा वेळी अधिकृत स्पर्धक आणि उपद्रवी चालक यांच्यातला फरक दाखवणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे गाडीचे रूप आणि तिच्यातल्या माणसाचे वागणे.

इतिहास काय सांगतो?

ब्रिटिश मोटार खेळाने लोकमताचा फटका एकदा चांगलाच अनुभवला आहे. २८ मार्च १९२५ रोजी बकिंगहॅमशायरमधील कॉप हिल या सार्वजनिक रस्त्यावरच्या चढाईत एका प्रेक्षकाचा पाय मोडला. त्याआधीच गर्दीच्या बेशिस्तीमुळे आणि अपघातांमुळे नाराजी साचत आली होती. त्यानंतर रॉयल ऑटोमोबाइल क्लबने सार्वजनिक रस्त्यांवरील वेगाच्या स्पर्धांना परवाने देणे बंद केले. कॉप हिलवर गाड्या पुन्हा चढल्या त्या थेट २००९ मध्ये, आणि त्याही स्पर्धा म्हणून नव्हे, तर जुन्या वाहनांचा धर्मादाय सोहळा म्हणून. एका पायाच्या हाडाची किंमत आठ दशकांहून अधिक काळ मोजली गेली.

ट्रायल्स मात्र वाचल्या, कारण त्यांचा भर वेगावर नव्हता. १९३० च्या दशकात त्यांना असा बहर आला की मोटार कारखाने स्वतःचे संघ उतरवू लागले. एमजीच्या पाठिंब्यावर खेळणाऱ्या ‘क्रीम क्रॅकर्स’ संघाच्या गाड्या फिक्या पिवळसर आणि तपकिरी रंगात सजलेल्या असत. त्याच एमजीचा ‘थ्री मस्केटीअर्स’ हा दुसरा संघ, ऑस्टिनचा ‘ग्रासहॉपर्स’ आणि सिडनी अॅलर्ड यांच्या गाड्यांचा ‘टेलवॅगर्स’ हेही गाजले. गाडीचे रूप ही तेव्हा कारखान्याची जाहिरात होती. चिखलात उतरणारी गाडीही सुबक असावी, कारण उद्या तीच गाडी विकायची आहे, असा तो सरळ हिशेब.

त्याच काळात दुसरी बाजूही पुढे आली. पकड वाढवण्यासाठी खोल खाचांचे खास टायर वापरले जाऊ लागले. त्यांनी वाटा उकरल्या जातात अशी ओरड झाली आणि युद्धाच्या आधीच त्यांच्यावर बंधने आली. म्हणजे गाडी कशी दिसते आणि ती मागे काय सोडून जाते, हे दोन्ही प्रश्न आजचे नाहीत.

युद्धानंतर कारखान्यांचे संघ मागे पडले आणि खेळ पुन्हा हौशी मंडळींच्या हाती आला. बर्मिंगहॅमजवळ केन डेलिंगपोल आणि रॉन लो या दोघांनी फोर्डचे सुटे भाग वापरून ट्रायलसाठी गाडी बनवली. दोघांच्या आडनावांवरून तिचे नाव पडले ‘डेलो’. काटकसरीतून जन्मलेली, अंगावर कसलाही डामडौल नसलेली ही गाडी या खेळाची ओळख बनली. चेपलेला पत्रा हा त्या काटकसरीचाच वारसा.

कायदा कोणत्या अटी घालतो?

ब्रिटनच्या १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्याने सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणे हा गुन्हा आहे. वेगाची शर्यत नसलेल्या स्पर्धा आणि चाचण्यांनाही अधिकृत मान्यता लागते. १९६९ च्या नियमावलीनुसार ही मान्यता देण्याचे काम आज ‘मोटरस्पोर्ट यूके’ या संस्थेकडे आहे. मार्गावरचा सरासरी वेग साधारणपणे ताशी ३० मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरपेक्षा अधिक ठेवता येत नाही. पायवाट किंवा घोडेवाट वापरायची असेल, तर स्थानिक प्रशासनाची परवानगी आणि जमीनमालकाची लेखी संमती, दोन्ही आवश्यक.

हा शेवटचा मुद्दा कळीचा आहे. ट्रायलचे अनेक सेक्शन खासगी जमिनीवर किंवा वादग्रस्त दर्जाच्या वाटांवर असतात. तिथे आयोजकाला हक्क नसतो, असते ती केवळ परवानगी. परवानगी देणारा शेतकरी गावातच राहतो. शेजाऱ्यांची नाराजी त्याला वर्षभर सोसावी लागते. स्पर्धा संपते रविवारी, सोमवारी दुकानात टोमणे ऐकतो तो शेतकरी. पुढच्या वर्षी त्याने ‘नको बाबा’ म्हटले की सेक्शन कायमचा गेला. त्याविरुद्ध अपील नाही.

२००६ मध्ये काय गमावले?

‘ग्रीन लेन’ म्हणजे डांबर न झालेली जुनी गाडीवाट. एके काळी बैलगाड्या, घोडागाड्या जात अशा असंख्य वाटा इंग्लंडमध्ये आहेत. घोडागाडीला वहिवाट होती म्हणजे मोटारीलाही आहे, असा युक्तिवाद दीर्घकाळ चालला. चार चाकांवर हौस भागवणाऱ्यांची संख्या वाढली, वाटा खचू लागल्या, तक्रारींचा ढीग साचला. अखेर ‘नैसर्गिक पर्यावरण आणि ग्रामीण समुदाय कायदा’ आला. २ मे २००६ पासून इंग्लंडमधील अधिकृत नकाशावर मोटारीसाठी न नोंदलेल्या वाटांवरचे असे हक्क, काही अपवाद वगळता, एका फटक्यात संपुष्टात आले. राष्ट्रीय उद्यानांच्या प्राधिकरणांना स्वतः वाहतूकबंदीचे आदेश काढण्याचा अधिकारही याच कायद्याने मिळाला.

आज इंग्लंडमधील सार्वजनिक वहिवाटीच्या जाळ्यापैकी मोटारींना खुल्या असलेल्या, नोंदणीकृत कच्च्या वाटांचे प्रमाण सुमारे २ टक्के आहे. उरलेले जाळे पायी चालणाऱ्यांचे, घोडेस्वारांचे आणि सायकलस्वारांचे. या कायद्यामागे पर्यावरणाची चिंता खरी होती, हे मान्य करायलाच हवे. ओल्या मातीत एका हिवाळ्यात पडलेला चर भरून यायला अनेक वर्षे लागतात. पण संसदेत आणि वृत्तपत्रांत त्या वेळी जे चित्र रंगले, त्यात जबाबदार स्पर्धक आणि उपद्रवी चालक वेगळे दिसत नव्हते. ज्यांनी वर्षातून एकदा, परवानगी काढून, मार्शल नेमून वाट वापरली, त्यांनाही फटका बसला. प्रतिमा बिघडण्याची किंमत कायद्याच्या भाषेत अशी वसूल होते.

मग सगळ्या गाड्या चकचकीत असाव्यात का?

इथे खेळातच दोन मतप्रवाह आहेत. पहिला म्हणतो, स्पर्धेच्या सुरुवातीला तरी गाडी धुतलेली, रंगवलेली, नीट जोडलेली हवी. लटकणारा बंपर, चिकटपट्टीने बांधलेला दिवा, तीन रंगांचे तीन दरवाजे असले की पाहणाऱ्याचे मत तिथेच बनते. लग्नाला जाताना अंगावर धड कपडे असावेत, तसेच हे. शिवाय आजचा प्रेक्षक मोबाइल घेऊन उभा असतो. गावच्या गटावर पडलेले एक वाईट छायाचित्र दहा वर्षांची मेहनत पुसून टाकू शकते.

दुसरा प्रवाह म्हणतो, हा खेळ गरिबाचा आहे, तो तसाच राहू द्या. दगडावर आपटणारा पत्रा दर महिन्याला रंगवायचा तर खर्च कुणी करायचा? पस्तीस-चाळीस वर्षांची जुनी गाडी स्वतः दुरुस्त करून तरुण मुलगा स्पर्धेला येतो, त्याला ‘तुझी गाडी शोभत नाही’ म्हणून परत पाठवले तर तो पुन्हा येणार नाही. मग उरतील फक्त ट्रेलरवर गाडी आणणारे धनिक. खेळाची प्रतिमा सुधारेल, खेळाडू मात्र संपतील.

दुसऱ्या प्रवाहाचे म्हणणे भावनिक वाटले तरी त्यात तथ्य आहे. हौशी खेळ जगतो तो नव्या माणसांवर. पण पहिल्या प्रवाहाची भीतीही पोकळ नाही, हे २००६ ने दाखवून दिले. त्यामुळे प्रश्न रंगाचा आहे की आणखी कशाचा, हे आधी ठरवायला हवे.

नेमके काय तपासले पाहिजे?

गावकऱ्यांना या गाड्यांचा त्रास कशाने होतो, याचा विचार केला तर जुना रंग फार खाली येतो. सगळ्यात आधी येतो आवाज. रात्री दोन वाजता घरासमोरून गेलेल्या गाडीचा रंग कुणाला दिसत नाही, पण फुटका सायलेन्सर सगळ्या गल्लीला जागे करतो. दुसरे येते ते रस्त्यावर सांडलेले तेल आणि मुख्य रस्त्यावर आलेला चिखल. तिसरे, चिखलाने झाकलेली नंबर प्लेट आणि दिवे. हा तर सरळ कायद्याचाच भंग, आणि वरून ‘ओळख लपवून आलेत’ असा संशय. चौथे, चाकांवरचे मडगार्ड नसणे किंवा बाहेर आलेला धारदार पत्रा. वार्षिक तपासणीत अशा पत्र्यावर बोट ठेवले जाते. मात्र ४० वर्षांहून जुन्या आणि मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना मे २०१८ पासून या तपासणीतून सूट आहे. ट्रायलमधल्या बऱ्याच गाड्या याच वयोगटातल्या. म्हणजे तिथे आयोजकांच्या तपासणीची जबाबदारी वाढते.

या सर्व गोष्टींचे वैशिष्ट्य असे की त्या मोजता येतात किंवा एका नजरेत ठरवता येतात. डेसिबल मोजता येतो. तेलगळती दिसते. दिवा लागतो किंवा लागत नाही. ‘गाडी शोभिवंत आहे का’ हे मात्र तपासनिसाच्या आवडीवर जाते आणि तिथेच भांडण सुरू होते. म्हणून नियम हवेत ते त्रासाविरुद्ध, गरिबीविरुद्ध नव्हे. चेपलेला पण घट्ट बसवलेला दरवाजा चालावा, लटकणारा चालू नये. एकच रंग नसला तरी चालेल, सायलेन्सर धड असलाच पाहिजे. सेक्शन संपला की मुख्य रस्त्यावर येण्यापूर्वी दिवे आणि नंबर प्लेट पुसण्याची सक्ती करायला एक फडके पुरते.

दुसरा उपाय संवादाचा. ब्रिटनमधील रात्रीच्या रोड रॅलींमध्ये मार्गावरच्या घरांना आधी भेट देऊन कल्पना देण्याची आणि नाजूक ठिकाणी ‘शांतता क्षेत्र’ आखण्याची पद्धत रुळली आहे. परगण्यांनुसार मार्ग-समन्वयकही असतात. ज्याच्या दारी आधी कुणी येऊन नमस्कार केला, त्याला तीच मळलेली गाडी परकी वाटत नाही. तिच्यावरचा स्पर्धा क्रमांकही उपयोगी पडतो. तो ठळक असेल तर तक्रार करणाऱ्याला नेमकी गाडी सांगता येते आणि एकाच्या चुकीचे खापर सगळ्यांवर फुटत नाही. बेनामी दिसणे हे मळके दिसण्यापेक्षा अधिक घातक, हे आयोजकांनी ध्यानात घ्यायला हवे.

महाराष्ट्रासाठी यात काय आहे?

आपल्याकडे पावसाळा लागला की लोणावळा, मुळशी, भोरच्या परिसरात उंच केलेल्या जीप दिसू लागतात. गोव्यात २०१४ पासून ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’सारखी मोठी ऑफ-रोड स्पर्धाही झाली आहे. मात्र आपला कायदा अधिक कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरणारा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कर्कश सायलेन्सर जप्त करून पोलीस त्यांच्यावर रोड रोलर फिरवतात, ती दृश्ये पुणे-मुंबईकरांना परिचित आहेत. त्या रोलरखाली सायलेन्सरबरोबर ऑफ-रोडिंगच्या हौसेची प्रतिष्ठाही थोडी चिरडली जाते.

सह्याद्रीतल्या गाडीवाटांवर गावाची वहिवाट असते, वन विभागाची हद्द असते, कुणाच्या भाताच्या खाचराचा बांध असतो. शनिवारी-रविवारी शहरातून आलेल्या दहा जीप बांध फोडून गेल्या तर सोमवारी गावाच्या तोंडावर दोरी बांधली जाते. ती दोरी पुढच्या रविवारी रीतसर परवानगी काढून येणाऱ्यालाही अडवते. इंग्लंडमध्ये जे कायद्याने झाले, ते इथे ग्रामसभेच्या एका ठरावाने होऊ शकते.

पुढे काय?

ब्रिटनमधील ट्रायल्स शतकभर टिकल्या त्या बक्षिसांमुळे नव्हे. पहाटे थंडीत उभे राहणारे मार्शल, फाटक उघडून देणारा शेतकरी आणि कुरकुरत का होईना पण सहन करणारे गाव यांच्या जिवावर त्या टिकल्या. इंधन, आवाज आणि पर्यावरण यांविषयीची सामाजिक सहनशीलता येत्या काळात कमीच होणार आहे. अशा वेळी खेळाने स्वतःहून आपले घर आवरणे शहाणपणाचे. ते आवरताना रंगाचा डबा हाती घेण्याआधी सायलेन्सर तपासावा, नंबर प्लेट पुसावी आणि शेजाऱ्याचे दार ठोठवावे. गाडी जुनी असणे, मळणे, चेपणे हा या खेळाचा स्वभाव आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. बेफिकिरी मात्र दुरूनही दिसते आणि ती एकदा दिसली की वाट बंद व्हायला वेळ लागत नाही.